भोकं पडलेली रुईची पानं

२०२३ साली अधिक श्रावण संपून निज श्रावण लागला, तेव्हा इंदुरात पावसानं पाठ फिरवलेली होती. शनिवारची सकाळ, जुन्या इंदुरातलं एक मारुतीचं देऊळ. बाहेर रुईच्या माळा टांगलेल्या, खाली तेलाच्या वाट्या, आणि एक काकू माळेतलं एकेक पान उलटंपालटं करून बघत उभ्या. 'भैया, एक भी पत्ता साबुत नी है,' त्या वैतागून म्हणाल्या. माळवाल्यानं मानही वर केली नाही. 'बारिश ही नी हुई काकी. पानी नी तो कीड़ा तो लगेगा.' काकूंनी त्यातल्या त्यात बरी माळ निवडली, पैसे दिले, हुज्जत तिथंच संपली. ते उत्तर मात्र नंतरही खटकत राहिलं. पाणी नाही म्हणून कीड. नर्सरीवाला हेच सांगतो, शेतकरी हेच सांगतो, गच्चीत चार कुंड्या ठेवणारा माणूसही हेच सांगतो. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की पुढं कोणी विचारत नाही. पण अळीच्या बाजूनं जरा बघितलं तर गणित जुळत नाही. पाणी तुटलेलं पान म्हणजे कमी रसाचं, जाड, चिवट, बहुतेकदा जास्त कडू आणि उन्हात तापलेलं अन्न. अशा जेवणावर अळीचे दिवस वाईटच जायला हवेत. मग पानांना एवढी भोकं कुणी पाडली?

तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पावसाचा. माळव्यात त्याचा अर्थ असा, की जूनच्या अखेरीस आणि जुलैत भरभरून वाढलेली हिरवाई ऐन तारुण्यात तहानलेली राहिली. झाडांची परीक्षा मे महिन्यात असते असं आपल्याला वाटतं, कारण आपली स्वतःची तेव्हा असते. पण रानातल्या झाडानं मे महिन्याची तजवीज केलेली असते. इंदूरजवळच्या चोरलच्या घाटातला साग पानं गाळून मोकळा होतो, पळस आधी पानं टाकतो आणि मग फुलतो. खाणारेही तेव्हा गैरहजर असतात. कोणी कोश करून मातीत निजलेलं, कोणाची अंडी जमिनीत पहिल्या पावसाची वाट बघत पडलेली. उन्हाळा कोरडा खरा, पण त्या कोरडेपणात पानही नसतं आणि अळीही नसते. पाण्याचा ताण आणि खाणारी तोंडं या दोन गोष्टी खऱ्या अर्थानं एकत्र येतात त्या पावसाळ्याच्या पोटातल्या खंडात. पान कोवळं, पातळ, भरपूर पाण्याच्या भरवशावर बांधलेलं, अळ्यांची पिढी ऐन भरात, आणि आभाळ अचानक निरभ्र.

त्यातही जमिनीजमिनीत फरक आहे. राऊच्या पुढं टेकडीच्या उतारावर जिथं मुरूम उघडा पडलाय, तिथं आठवड्या-दहा दिवसांत झाडं दुपारी माना टाकायला लागतात. खालच्या काळ्या रानात ओल महिनाभरही दिसते. दिसते म्हणजे मुळांना मिळतेच असं नाही. चिकण माती पाणी इतकं घट्ट धरून ठेवते की हाताला ओलसर लागणारं ढेकूळ झाडाच्या दृष्टीनं कोरडं असू शकतं. साधारण १५ बार इतकी ओढ लावूनही पाणी सुटेना, की बहुतेक पिकांची मुळं हार मानतात. रानटी झुडपं त्याच्याही थोडं पलीकडं जातात. शिवाय काळी माती सुकताना भेगाळते आणि भेग रुंदावताना त्यातून गेलेली बारीक मुळं तटातट तुटतात. वाफशातून सरळ ताणात जाण्याचा हा प्रवास मुरुमात झटपट आणि काळीत रेंगाळत होतो. पुढं येणाऱ्या बऱ्याच गोष्टी या एका फरकावर अवलंबून आहेत.

रुई हे या सगळ्याचा अभ्यास करायला फार सोयीचं झुडूप आहे. इंदुरात तिला आकडा म्हणतात. फुलं पांढरी, टोकांना जांभळी, पानं जाड, राखाडी लव असलेली, बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी लागते. मूळ दोन-तीन मीटर सहज खाली जातं, म्हणून भर उन्हाळ्यातही ती हिरवी राहते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. पान तुटलं की पांढरा चीक भळाभळा येतो. त्यात हृदयाची लय बिघडवणारी ग्लायकोसाइड्स असतात आणि प्रथिनं पचवून टाकणारी विकरं असतात, म्हणजे कोवळ्या अळीची आतडीच पोखरायची सोय. एवढं करूनही तिचे गिऱ्हाईक ठरलेले आहेत. पहिली, प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी. दुसरा, निळ्या-पिवळ्या रंगांचा, जवळ गेलं की अंगातून घाण रस उडवणारा मोठा नाकतोडा. आणि तिसरा, शेंड्यावर आणि कळ्यांवर दाटीनं बसणारा लिंबासारखा पिवळा मावा. एक पान कुरतडतो, एक ओरबाडतो, एक रस ओढतो. एकाच झुडपावर तीन तऱ्हेचे खाणारे आहेत, त्यामुळं 'कीड' हा शब्द किती ढिला आहे ते इथं लगेच कळतं.

चिकाचं शस्त्र चालतं ते दाबावर. चिकाच्या नळ्या जिवंत पेशींच्याच बनलेल्या असतात आणि त्यांतला दाब झाडाच्या एकूण पाण्याच्या दाबाबरोबर चढतो-उतरतो. केरळात रबराच्या झाडाला पहाटे खाच पाडतात ती याचसाठी. रात्रभर पाणी भरून झाड ताठ झालेलं असतं आणि चीक जोरात वाहतो. ऊन चढलं की धार मंदावते. रुईचंही तसंच. ज्या इमारतीत नर्मदेच्या पाण्याला दाब नाही, तिथं वरच्या मजल्यावरचा नळ नुसता फुसफुसतो. खंडाच्या तिसऱ्या आठवड्यात मुरुमावरच्या रुईचं पान दुपारी दोनला तोडलं की चीक तसाच जेमतेम येतो. आता अळीचा विचार करा. ती चिकाला घाबरूनच असते. लहान असताना पानाच्या एका तुकड्याभोवती गोल खंदक कुरतडते आणि मग आतला, चीक तुटलेला भाग खाते. मोठी झाली की मधली शीर किंवा देठच अर्धवट कातरते, पान लोंबू लागतं, चीक गळून जातो, मग ती निवांत जेवायला बसते. या तयारीत वेळ जातो आणि कोवळ्या अळ्या याच पायरीवर चिकात चिकटून मरतात. दाब उतरला की ही पायरी सोपी होते. म्हणजे माळवाल्याचं म्हणणं इथं अर्धं खरं ठरतं. पाणी नाही, म्हणून झाडाची पहिली तटबंदी लेची पडली.

पण तटबंदीच्या आत काय चाललंय ते वेगळंच.

पाणी तुटलं की झाडात अॅबसिसिक आम्ल वाढतं. पर्णरंध्रांच्या राखणदार पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्या ढिल्या पडतात आणि रंध्रं मिटतात. हा झाला पाणी वाचवण्याचा निरोप. अळीनं पान चावलं की दुसरा निरोप निघतो. फाटलेल्या हरितलवकांच्या पडद्यांतल्या मेदाम्लापासून जॅस्मोनिक आम्ल तयार होतं, संरक्षणाच्या जनुकांवर बसून असलेली जाझ नावाची प्रथिनं मोडून काढली जातात आणि एमवायसी-२ नावाचा नियामक मोकळा होतो. मग अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं, कडू द्रव्यं, जाड भिंती यांचं उत्पादन सुरू होतं. टोमॅटो आणि बटाट्याच्या पानांत अशी पचनविरोधी प्रथिनं जखमेनंतर संबंध झाडभर वाढतात हे १९७२ मध्येच दिसलं होतं. चावल्याचा निरोप एका पानातून दुसऱ्या पानात कॅल्शियमच्या लाटेनं साधारण सेकंदाला एक मिलिमीटर या वेगानं धावतो, हे तर २०१८ मध्ये चमकणाऱ्या रोपांच्या चित्रफितीत लोकांनी डोळ्यांनी बघितलं. मजा अशी की तहानेचा निरोप आणि चावल्याचा निरोप एकमेकांना नेहमी खोडत नाहीत. अॅबसिसिक आम्ल असलं तर एमवायसी-२ ची वाट उलट आणखी रुंद होते. चावणाऱ्या अळीविरुद्ध तहानलेलं झाड कित्येकदा जास्त जोमानं उसळतं. मात्र त्याच वेळी जॅस्मोनिकच्याच वाटेची बुरशीविरुद्धची शाखा दबते. मावा किंवा पांढरी माशी यांनी तोंड लावलं तर सॅलिसिलिक आम्लाची तिसरी वाट उघडते आणि ती जॅस्मोनिकच्या वाटेला आडवी येते. मावा आणि अळी एकाच झुडपावर असले तर कोणत्या हाकेला ओ द्यायची, हे झाडालाही सोपं नसतं.

हे संरक्षण फुकट मिळत नाही. अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटी भागातल्या रानटी तंबाखूवर इयान बाल्डविन यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. ती तंबाखू अळीनं खाल्ली की निकोटिन बनवते. पानात नव्हे, मुळांत, आणि जलवाहिन्यांतून वर पाठवते. निकोटिनमध्ये नत्र लागतं, तेच नत्र बियांनाही हवं असतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात झाडांना जॅस्मोनेट देऊन खोटंच सावध केलं. जिथं खाणारे होते तिथं सावध झाडं फायद्यात राहिली, पण जिथं कोणी आलंच नाही तिथं त्यांनी बिया कमी धरल्या. आता याच झाडाला कोरड्या जमिनीत उभं करून बघा. मूळ निकोटिन बनवील, पण रंध्रं मिटलेली, वर जाणारा पाण्याचा प्रवाह रोडावलेला. माल तयार आहे आणि गाडी बंद. मुळापासून पानापर्यंतच्या अंतरावर रचलेलं कोणतंही संरक्षण दुष्काळात उशिरा पोचणार, हे ओघानंच आलं.

मग दुष्काळात किडी वाढतात, ही समजूत आली कुठून? तिला शास्त्रीय आधार मिळाला तो ऑस्ट्रेलियातून. १९६९ मध्ये टी. सी. आर. व्हाइट यांनी निलगिरीच्या झाडांवरच्या एका रसशोषक किडीच्या उद्रेकांचा संबंध झाडांच्या पाण्याच्या ताणाशी लावला. त्यांचं म्हणणं असं, की ताणात झाडाची प्रथिनं मोडतात, सुटं नत्र रसात उतरतं, आणि एरवी नत्रासाठी वखवखलेल्या किडीची पिलं जगतात. पटण्यासारखं होतं. पुढं मात्र प्रयोग जमत गेले तसं लक्षात आलं की हे सगळ्या खाणाऱ्यांना लागू पडत नाही. खोडात शिरणाऱ्या किडींना ताणाचा बहुतेकदा फायदा होतो. आपल्याकडं १९९० च्या दशकाच्या शेवटी मंडला-डिंडोरीकडच्या सालवृक्षांना पोखरणाऱ्या भुंगेऱ्यानं घेरलं होतं. निरोगी साल त्या अळ्यांना राळेत बुडवून मारतो, अशक्त झाडाची राळच आटलेली असते. पान चावणाऱ्यांचं चित्र बरोबर उलटं, बहुतेक प्रयोगांत सततच्या ताणात त्यांची वाढ मंदावते. आणि रस शोषणाऱ्यांचं गणित तर चमत्कारिक आहे. २००४ मध्ये हुबर्टी आणि डेनो यांनी जुने प्रयोग एकत्र मांडून दाखवलं की माव्यासारख्यांना नत्र हवं, पण ते ओढायला रसवाहिनीत दाबही हवा. सतत कोरड असली तर नत्र आहे पण दाब नाही, म्हणजे भरलेलं ताट समोर आणि तोंड शिवलेलं. ताण पडला, मग सुटला, पुन्हा पडला, अशी ये-जा असेल तरच माव्याची चंगळ.

त्या ऑगस्टात मुरुमावरच्या रुईच्या शेंड्यांवर मावा जवळजवळ नव्हता. खाली नाल्याकाठच्या रुईवर होता, आणि भरपूर होता. 'पाणी नी तो कीड़ा' हे तिथं साफ उलटं पडलेलं. पण माळा गुंफायला पानं येतात ती अशाच माळरानांवरून, रस्त्याकडेच्या पडीक जागांवरून, आणि त्या पानांना भोकं तर होतीच.

या भोकांचं उत्तर खाणाऱ्याकडं नाहीच, किंवा अर्धंच आहे. ताण पडल्यावर झाडात सगळ्यांत आधी काय थांबतं? प्रकाशसंश्लेषण नव्हे. वाढ थांबते. पेशी फुगायला दाब लागतो, आणि तो जरा उतरला तरी नवं पान उलगडायचं थांबतं. अन्न तयार करण्याचं काम त्यानंतरही काही दिवस बऱ्यापैकी चालू राहतं. चांगल्या पावसात रुई भराभर नव्या पानांच्या जोड्या टाकते, अळीनं खाल्लेली पानं खाली राहतात आणि माळवाला वरची ताजी, अखंड पानं खुडतो. खंडात नवी जोडी येतच नाही. जी आहेत तीच पानं झाडावर राहतात, तीच अळीला आणि तीच माणसाला, आणि प्रत्येक पानावर आठवड्यागणिक भोकांची भर पडत जाते. अळ्या तेवढ्याच असल्या, अगदी कमी असल्या, तरी पान जास्त भोकांचं दिसणार. त्यात आणखी एक भर आहे. अळीला लागणारं पाणी पानातूनच येतं. कोवळ्या हिरव्या पानात वजनाच्या पाऊण हिश्शाहून अधिक पाणी असतं. ते घटलं की अळी हळू वाढते, एकेक कात टाकायला जास्त दिवस घेते, आणि पोटात तेवढंच पाणी-नत्र जावं म्हणून कधी कधी जास्त पान खाते. म्हणजे अळी उपाशी आणि पान फस्त, दोन्ही एकदम. अशी रेंगाळलेली अळी पक्ष्यांच्या, कातिणींच्या, गांधीलमाश्यांच्या तावडीतही जास्त दिवस राहते. हे झाडाच्या फायद्याचं, पण त्याचा निकाल लागेपर्यंत पानाची चाळण झालेली असते.

हे कोणाला स्वतः पडताळायचं असेल तर भोकं मोजून काही हाती लागत नाही. झाडावर दिसणारी भोकं म्हणजे किती काळात झालेली, ते कळत नाही, आणि जी पानं देठापर्यंत संपली ती मोजणीत येतच नाहीत. पर्जन्यवनांत पानांचा हिशेब ठेवणाऱ्या मार्गारेट लोमन यांनी १९८० च्या दशकातच हा घोटाळा दाखवून दिला होता. रीत अशी: शेंड्याला पान बोटाच्या पेराएवढं झालं की देठाला सैलसर रंगीत दोरा बांधायचा, तारीख लिहायची, आणि दर आठवड्याला त्याच पानाचा आकार आलेखाच्या कागदावर उतरवायचा. दहा झुडपं, प्रत्येकी पाच पानं एवढ्यावरही फरक दिसतो. दोरा घट्ट बांधला तर देठ कापला जातो, तेवढं सांभाळायचं. पाण्याचा ताण नुसत्या नजरेनं ठरवू नये. पानाच्या चकत्या कापून लगेच वजन करायचं, मग चार तास पाण्यावर तरंगत ठेवून, टिपकागदानं पुसून पुन्हा वजन, मग ७० ते ८० अंशांवर दिवसभर वाळवून तिसरं वजन. पहिल्यातून तिसरं वजा करा, दुसऱ्यातून तिसरं वजा करा, आणि आधीच्या वजाबाकीला नंतरच्या वजाबाकीनं भागून शंभरानं गुणा. ८५-९० च्या आसपास आलं तर पान मजेत आहे, ७० च्या खाली गेलं की मान टाकलेली असते. रुईच्या बाबतीत चकती कापताना चीक गळतो आणि पहिलं वजन चुकतं, म्हणून चकत्यांऐवजी अख्खं लहान पान घेणं बरं.

कुंडीतल्या प्रयोगात याहून मोठी फसगत आहे, आणि ती फार जणांची होते. चार गट करतात: पाणी पुरेसं आणि अळी नाही, पुरेसं आणि अळी आहे, कमी आणि अळी नाही, कमी आणि अळी आहे. मग 'कमी' म्हणजे दर तीन दिवसांनी एक पेला, असं काहीतरी ठरवतात. पण अळीनं अर्धी पानं खाल्लेलं रोप अर्ध्या पानांतूनच पाणी उडवतं, त्यामुळं त्याच्या कुंडीतली माती जास्त ओली राहते. शेवटी निष्कर्ष निघतो की अळी लागलेल्या रोपांनी दुष्काळ चांगला सोसला. त्यांनी तो भोगलाच नव्हता! उपाय कंटाळवाणा आहे: रोज संध्याकाळी प्रत्येक कुंडी तराजूवर ठेवायची आणि ठरवलेल्या वजनापर्यंतच पाणी घालायचं. माती जेवढं पाणी धरू शकते त्याच्या ८० टक्के एका गटाला, ४० टक्के दुसऱ्याला. अळ्या पळू नयेत म्हणून मलमलीची पिशवी बांधली तर बिनअळीच्या रोपालाही रिकामी पिशवी बांधायची, कारण पिशवीची सावलीसुद्धा पाणी वाचवते. आणि अळीऐवजी कात्रीनं पान कापून भागत नाही. अळीच्या लाळेत झाडाला ओळखू येणारी द्रव्यं असतात. १९९७ मध्ये अशा एका द्रव्याची, व्होलिसिटिनची, ओळख पटली. ते जखमेवर लावलं की मक्याचं रोप विशिष्ट वास सोडतं आणि त्या वासावर अळीत अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या येतात. नुसत्या कात्रीला तसं उत्तर मिळत नाही.

खाल्लेलं झाड कमी पाणी उडवतं, ही प्रयोगातली अडचण रानात मात्र खरीच घडते, आणि इथं मन थोडं दुटप्पी होतं. ऑगस्ट-सप्टेंबरात चोरलच्या बाजूला सागाची पानं जाळीदार होतात. शिरा तेवढ्या शाबूत, मधला हिरवा गर खरवडून नेलेला. उन्हाकडं धरलं तर पान लेससारखं दिसतं, हातात चुरचुरतं, वाळल्या कागदाचा आवाज करतं. संबंध उतार करपल्यासारखा तपकिरी बघून वाईट वाटतं. नुकसान खरंच होतं. केरळातल्या निलंबूरच्या लागवडीत सागाच्या दुसऱ्या, पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी फस्त करणाऱ्या अळीमुळं लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या संशोधकांनी दाखवलंय. पण खंडाच्या दिवसांत पानांचा हा भार उतरणं झाडाला थोडं मोकळंही करतं. कमी पानं म्हणजे कमी बाष्पीभवन, उरलेल्या पानांच्या वाट्याला मुळांचं जास्त पाणी. सुरुवातीला चावलेल्या कडांतून पाणी झिरपतं, तेवढा तोटा; कडा वाळून सांधल्या की तो थांबतो. रानटी तंबाखूत तर असं दिसलंय की अळी लागताच काही तासांत साखर पानांतून मुळांकडं वळवली जाते. हातची पानं जातायत तर ठेव जमिनीखाली हलवावी, असाच तो व्यवहार. पळस, रुई, साग ही तोडली-जाळली तरी बुडातून फुटणारी झाडं त्या ठेवीवरच जगतात. लागवडीच्या सोयाबीनला ही सोय नाही. त्याला नव्वद-शंभर दिवसांत दाणा भरायचा असतो, आणि चक्री भुंग्यानं देठाभोवती दोन कडी कापली की वरचा भाग वाळलाच.

एरंडाचं दुखणं वेगळ्या जागी आहे. उकिरड्यावर, रेल्वेच्या कडेनं आपोआप उगवलेल्या एरंडाच्या देठांवर बारीक वाटीसारख्या ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्या रसासाठी मुंग्या दिवसभर देठावर गस्त घालतात. उंटअळीची कोवळी पिलं त्या उचलून नेतात. हा रस म्हणजे साखर आणि पाणी, आणि पाण्याची तंगी आली की झाड त्यातही हात आखडतं. रस आटला की मुंग्या दुसरीकडं वळतात. त्यांनी काही एरंडाशी करार केलेला नसतो. वासाच्या हाकेचंही तसंच. गवत कापल्यावर येतो तो हिरवा वास फाटलेल्या पानातून लगेच उडतो, त्याला रंध्रं लागत नाहीत. पण काही तासांनी मुद्दाम बनवले जाणारे वास बऱ्याच अंशी रंध्रांतूनच बाहेर पडतात, आणि ती तर पाण्यासाठी मिटलेली. त्यामुळं अळीच्या शत्रूंना बोलावणं जातं, पण क्षीण आवाजात.

या सगळ्यात आधी काय आणि नंतर काय, याला फार महत्त्व आहे. नेदरलँड्सच्या उत्रेख्तमध्ये अॅराबिडॉप्सिस या इवल्या रोपट्यावर आधी तहान मग अळी, आधी अळी मग तहान, असे क्रम बदलून प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. दिवसभरात रोपाची जनुकं बहुतांशी नंतर आलेल्या संकटाप्रमाणं चालू लागतात, पण आधीच्याची खूण पुसली जात नाही. रानात हा क्रम दर वर्षी वेगळा असतो. जुलैत अळ्या येऊन गेल्या आणि मग खंड पडला, तर झाड कमी पानांनी आणि जाड भिंतींनी खंडाला सामोरं जातं. आधी खंड आणि शेवटी अळी, असं झालं तर वाढ थांबलेल्या झाडाकडं साखर थोडी शिल्लक असते, तिची कडू द्रव्यं बनलेली असतात, आणि अळीचं जेवण बेचव होतं. पण खंड फार लांबला तर साखरही संपते आणि कडूपणाही. सौम्य ताण झाडाला तिखट करतो, तीव्र ताण पोकळ. या दोहोंमधली रेघ मुरुमावर दहाव्या दिवशी येईल आणि काळीत तिसाव्या, म्हणून एकाच गावातले दोन माणूस आपापल्या बांधावरून एकमेकांच्या उलट शपथा घेऊ शकतात आणि दोघंही खरे असतात.

त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्याला पाऊस परतला तो धो धो. वाळलेली माती एकदम भिजली की मातीतले सूक्ष्मजीव खडबडून कामाला लागतात आणि नत्राचा एक लोंढा सुटतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये याची नोंद केली, आणि आपल्या शेतकऱ्याला पहिल्या पावसानंतरच्या काळ्याशार हिरवळीवरून तो माहीत असतो. महिनाभर अडकून बसलेल्या रुईनं शेंडे एकदम सोडले. कोवळे, फिकट, नत्रानं भरलेले, चिकाच्या नळ्यांत पुन्हा दाब आलेला पण कडूपणा अजून न भिनलेला. माव्याला हवं असतं ते नत्र आणि दाब, दोन्ही एकाच वेळी मिळण्याचे हेच दिवस. मुरुमावरच्या ज्या झुडपांवर ऑगस्टात मावा औषधाला नव्हता, तिथं आता शेंडे पिवळे पडले. कोरड्या महिन्याची कीड ओल्या महिन्यात आली, त्यामुळं तिचा संबंध खंडाशी कोणी लावत नाही. सगळे म्हणतात, पाऊस जास्त झाला म्हणून. रुईच्या माव्यात नर लागत नाही, मादी थेट जिवंत पिलं टाकते आणि त्या पिलाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. ढालकिडे येतात, पण उशिरा. त्यांच्या अंड्यांतून अळ्या निघून त्या खाण्याजोग्या मोठ्या व्हायला आठवडाभर सहज जातो, आणि तेवढ्या अवधीत मावा त्या शेंड्यावर एक पिढी उरकून दुसरीला लागलेला असतो.